माउस की ट्रॅकपॅड?

दिवसभर एक्सेलमध्ये आकडे भरायचे असतील तर सरळ माउस घ्या, माझं मत पक्कं आहे. शंभरेक ओळी निवडत खाली ओढताना ट्रॅकपॅडवर बोट कडेला पोचतं आणि निवड मध्येच सुटते. माउसचं बटण दाबून धरलं की झालं. काचेच्या टेबलावर मात्र ऑप्टिकल माउस अडखळतो. खाली वही ठेवा.

विरार लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप असेल तर माउस ठेवणार कुठे? तिथे ट्रॅकपॅडच. दोन बोटांनी लांबलचक पीडीएफ सरकवणं तर चाक फिरवण्यापेक्षाही सुखाचं. फक्त मुंबईच्या जुलैत बोटं घामेजली की कर्सर उड्या मारतो, कारण ट्रॅकपॅड स्पर्शाने होणारा विजेतला बारीक बदल ओळखतो आणि ओलाव्याने त्याचा गोंधळ उडतो. रुमाल हाताशी हवाच.