लाकडाची फणी की प्लास्टिकची? पेटीवाल्याच्या टेबलावरचे तीन माउथ ऑर्गन

माउथ ऑर्गनच्या पाचव्या भोकातला मध्यम उतरला की भाचा माझ्याकडे येतो. वर्षातून एकदा, ठरलेलं. सांगलीत माझं पेटी दुरुस्तीचं काम आहे. सगळं आयुष्य पितळी सूर घासण्यात गेलं, त्यामुळे घरच्यांचा समज असा की पितळेची जीभ हलवून वाजणारं काहीही असो, मामाला येतंच. ते तसं खोटंही नाही. पेटी आणि माउथ ऑर्गन एकाच कुळातले. एकीचा भाता हाताने हलवायचा, दुसऱ्याचा भाता म्हणजे आपली छाती. शिवाय पेटी उष्टी होत नाही, हा फरक दुरुस्त करणाऱ्यालाच कळतो.

यंदा त्याने एकदम तीन आणून ठेवले: होनरचा मरीन बँड, होनरचाच स्पेशल ट्वेंटी आणि जपानच्या टॉम्बोने बनवलेला ली ऑस्कर. तिन्ही दहा भोकांचे, तिन्ही सी पट्टीचे, म्हणजे आपली पांढरी एक. "मामा, यातला कुठला ठेवू आणि कुठले दोन विकू, ते सांग." दोन महिने मी ते उघडत, लावत, वाजवत बसलो. माझं मत खाली लिहितोय, कारण त्याच्यासारखे विचारणारे आणखी बरेच आहेत.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे बहुतेकांनी लहानपणी हातात धरलेला बाजा म्हणजे चोवीस जोडभोकांचा चिनी टॉवर. तो ट्रेमोलो जातीचा. त्यात एकाच सुराच्या दोन पट्ट्या, म्हणजे पितळेच्या जिभा, किंचित वरखाली लावलेल्या असतात, म्हणून सूर लाटेसारखा थरथरतो. बासरीतला कंप वाटतो, सहलीत छान जातो. पण त्यातल्या प्रत्येक पट्टीला स्वतंत्र खोली असते, म्हणून तिच्यातून मींड, म्हणजे सूर न तोडता घसरत नेणं, निघत नाही. टॉवर वाजवणारा माणूस 'मला माउथ ऑर्गन येतो' म्हणतो तेव्हा तो पेटीच वाजवत असतो, फक्त तोंडाने.

दहा भोकांच्या बाजात एकाच खोलीत दोन पट्ट्या असतात, एक फुंकेची, एक ओढीची. सूर ओढताना जिभेचा मागचा भाग खाली नेला, घशाची पोकळी बदलली की त्या दोघींतल्या उंच सुराची पट्टी खाली वाकते आणि खालच्या सुराची जोडीला येऊन बोलू लागते. सूर खाली घसरतो, तुटत नाही. पेटीवाल्याला हे ऐकून पोटात दुखतं. मींड येत नाही म्हणूनच आकाशवाणीने 1940 मध्ये आमच्या पेटीला दार बंद केलं होतं, ते उघडायला तीन दशकं लागली. आणि हे वीतभरसुद्धा नसलेलं खेळणं ओढीच्या तिसऱ्या भोकात शुद्ध निषादावरून कोमल निषाद, मग शुद्ध धैवत, मग कोमल धैवत असं उतरत जातं!

ही मींड चैन म्हणून नाही, गरज म्हणून लागते. सीच्या बाजात खालच्या सप्तकात म आणि ध मुळात दिलेलेच नाहीत. पहिलं भोक फुंकलं की सा, ओढलं की रे, दुसरं फुंकलं की ग, ओढलं की प, तिसरं फुंकलं की पुन्हा प, ओढलं की नी. संपलं. मध्यम हवा तर दुसऱ्या भोकाची ओढ वाकवायची, धैवत हवा तर तिसऱ्याची. पूर्ण सप्तक मिळतं ते चौथ्या ते सातव्या भोकात. भूप तिथे सुखाने वाजतो. काफी हवा असेल तर चौथ्या भोकाची ओढ सा धरा, म्हणजे पांढरी दोन. कोमल ग आणि कोमल नी आपोआप पदरात पडतात, आठव्या भोकाच्या ओढीवर वरचा सा. भीमपलासाची ओळख मी भाच्याला तशीच करून दिली. गायकाचा सा काळी एकवर असेल तर त्याच काफीसाठी बी पट्टीचा बाजा लागतो, आणि गावातल्या दुकानात बी मागितलात तर दुकानदार सीच पुढे सरकवतो.

आता ते तिघे.

मरीन बँड हा यातला आजोबा. जर्मनीतल्या ट्रॉसिंगन गावी मॅथियास होनरने 1857 मध्ये कारखाना सुरू केला आणि हे मॉडेल आलं 1896 मध्ये. तो आकडा आजही त्याच्या नावाला चिकटलेला आहे. नाशपातीच्या लाकडाची फणी, म्हणजे भोकं कोरलेला मधला सांगाडा, तिच्यावर-खाली पट्ट्या बसवलेल्या 0.9 मिलिमीटर जाडीच्या पितळी प्लेटा, त्यावर पत्र्याची झाकणं, आणि सगळं बारीक खिळ्यांनी ठोकलेलं. खिळ्यांनी! दुरुस्तीवाल्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पातळ सुरीचं पातं फणी आणि प्लेट यांच्या फटीत घालून हळूहळू उचकटायचं, निघालेला प्रत्येक खिळा थर्माकोलवर त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवायचा, कारण परत तो त्याच भोकात गेला पाहिजे. दुसऱ्यांदा उघडलात की खिळे धरत नाहीत आणि कडेने वारा सुटायला लागतो.

लाकडाचा मला वैयक्तिक रागही आहे. विशीत असताना कुणीतरी सांगितलं की मरीन बँड पाण्यात भिजवला की जोरात वाजतो. मी रात्रभर भांड्यात बुडवून ठेवला. सकाळी आवाज खरंच मोठा होता, पण फणीचे दात फुगून प्लेटांच्या बाहेर आले होते. दुपारपर्यंत ओठ सोलवटले. मग मी हुशारीने ब्लेड घेऊन दात तासले, आणि लाकूड वाळल्यावर ते आत गेले ते गेलेच. जोरात वाजण्याचं कारणही साधंच होतं. फुगलेल्या लाकडाने फटी बुजल्या होत्या.

स्पेशल ट्वेंटी म्हणजे याच बाजाची प्लास्टिकच्या फणीतली आवृत्ती. प्लेटा तशाच, 0.9 च्याच, पण त्या फणीत खोबणी करून आत बसवल्यात, त्यामुळे ओठाला पितळेची धार लागत नाही. सगळे स्क्रू. पाच मिनिटांत उघडतो, कोमट पाण्याखाली धुता येतो, वाळवून परत लावता येतो. आमच्या भागात हे महत्त्वाचं, कारण भाचा भडंग खाता खाता वाजवतो. एकदा सहाव्या भोकाचा सूरच बंद झाला म्हणून आणला, तर पट्टी आणि खाचेच्या मध्ये शेंगदाण्याचं सालपट.

ली ऑस्करचीही फणी प्लास्टिकची, बांधणी घट्ट. त्याची खरी खुबी अशी की पट्टी मोडली तर नव्या प्लेटांची जोडी वेगळी विकत मिळते. जोरात वाजवून पितळ थकवणाऱ्या माणसाला हे सोन्यासारखं. भाचा त्यातलाच.

तर आवाज. "लाकडाचा आवाज कसा ऊबदार असतो, मामा" हे मी शंभरदा ऐकलंय. एका संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि त्याला म्हटलं, वाजव, कुठला आहे ते सांगू नकोस. मरीन बँड नुकताच उघडून कडा नीट बसवून ठेवला होता. तीन फेऱ्यांत मी लाकूड आणि प्लास्टिक दोनदा उलटं ओळखलं. चाळीस वर्षं सूर लावणारा कान आहे हा, बढाई नाही. मरीन बँड जरा चमकदार वाटतो तो झाकणांमुळे. त्यांच्या दोन्ही टोकांना फटी आहेत, स्पेशल ट्वेंटीची टोकं बंद. पण तो फरक वाजवणाऱ्याच्याच कानाला जास्त लागतो, समोरच्याला नाही. फणी लाकडाची की प्लास्टिकची हा प्रश्नच चुकीचा आहे. हवा कुठून निसटते, ते विचारा.

ली ऑस्कर मात्र मी प्रत्येक वेळी ओळखला, आणि तोही फणीवरून नाही. शेजारी तानपुऱ्याची पेटी पांढरी एकवर लावलेली होती. ली ऑस्कर समविभाजित सप्तकात लावलेला असतो, म्हणजे बाराही सूर सारख्या अंतरावर, तुमच्या-आमच्या पेटीसारखा. त्याचा गांधार तानपुऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गांधारापेक्षा चौदा सेंट चढा. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. ऐकायला आकडा फुटकळ वाटतो, पण पहिली तीन भोकं एकत्र फुंका, सा-ग-प, आणि तो गांधार खडा लागल्यासारखा टोचतो. होनरचे दोघे तडजोडीच्या लावणीतले, त्यांचा गांधार थोडा खाली आणलेला असतो, म्हणून तीन सूर एकत्र घातले की दुधात साखर. पेटीच्या साथीला वाजवणार असाल तर मात्र ली ऑस्करच तिच्याशी जुळतो. मी ज्या चढ्या गांधाराची तक्रार करतोय तो मी स्वतः रोज शेकडो पट्ट्यांत घासून बसवतो, हेही कबूल.

कुठलाही घ्या, डब्यातून काढला की पट्टीच्या टोकाची फट बघा. उजेडासमोर आडवा धरून पाहायचं, फट साधारण पट्टीच्या जाडीएवढी हवी. जास्त असेल तर वारा वाया जातो आणि सूर उशिरा बोलतो, कमी असेल तर जोरात फुंकल्यावर घुसमटतो. एका ऑनलाइन दुकानातून आलेल्या बाजाचा दुसऱ्या भोकाचा सूर बोलतच नव्हता, भाचा परत पाठवायला निघाला. मी टाचणीच्या टोकाने पट्टी केसभर उचलली आणि तो गायला लागला. सूर उतरलाच असेल तर पट्टीचं टोक हलक्या हाताने घासलं की चढतो, रिव्हेटजवळ घासलं की उतरतो. पेटीत अगदी हेच. पण खाली ब्लेडचा पत्रा सरकवून घासा, नाहीतर पट्टी वाकून बसेल.

काही जण विचारतील, जुनी हिंदी गाणी जशीच्या तशी वाजवायची असतील तर? मग या तिघांपैकी कुणीच नाही. बारा भोकांचा, कडेला बटण असलेला क्रोमॅटिक घ्या, उदाहरणार्थ होनरचा 270. अठ्ठेचाळीस पट्ट्या, बटण दाबलं की प्रत्येक सूर अर्ध्याने वर, म्हणजे बाराही स्वर हाताशी. पण त्याचं लाडाकोडाचं काम वेगळंच: आत पट्ट्यांवर पातळ पापुद्रे असतात, थंडीत ओलाव्याने ते चिकटतात आणि बाजा फडफडतो. वाजवण्याआधी दहा मिनिटं खिशात ऊब द्यावी लागते. शिवाय दहा भोकांसारखी मोकळी मींड त्यात नाही.

भाच्याला म्हटलं, स्पेशल ट्वेंटी ठेव. मरीन बँड मला दे, आणि पुढे लाकडाचाच हवा असेल तर 2005 साली आलेला डीलक्स घे. फणी तीच नाशपातीची, पण लाकूड रोगण देऊन बंद केलंय आणि खिळ्यांऐवजी स्क्रू आहेत. ली ऑस्कर विकायला त्याचं मन होईना. "त्याच्या प्लेटा बदलता येतात ना, मामा," म्हणाला. बरोबर आहे. चौथ्या भोकाच्या ओढीची पट्टी त्याने आत्ताच अर्धी थकवलीय.