ट्रकचालकाचे तास: आपला कायदा आणि युरोपचा

कागदावर पाहिलं तर आपला नियम जास्त मायाळू वाटतो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने (2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्यासाठी ती 10 आणि 54 पर्यंत नेता येत होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. युरोपीय संघात नुसतं ड्रायव्हिंगच रोज 9 तास चालतं, आठवड्यातून दोनदा 10 तास. आठवड्याची कमाल 56, पण लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून 90 च्या पुढे नाही.

मग फरक कुठे? मोजण्यात. तिकडे साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबावंच लागतं, आणि ते टॅकोग्राफ, म्हणजे गाडीत बसवलेलं तास मोजणारं यंत्र, नोंदवतो. चालक स्वतःचं कार्ड त्यात घालतो, चाक फिरलेलं मिनिट अन् मिनिट साठतं, रस्त्यावरचा तपासनीस ते उघडून बघतो. आपल्याकडे तास वहीत लिहायचे, आणि वही भरायची मालकाने. मुंबई-आग्रा महामार्गावर रात्री तीनला कसारा घाट चढणाऱ्या माणसाने किती तास झोप घेतली, हे ती वही सांगत नाही.

पगाराचं तर मला सगळ्यात जास्त लागतं. रस्तासुरक्षेला धोका होईल अशा रीतीने किलोमीटरवर किंवा मालावर पैसे देणं युरोपच्या 2006 च्या नियमाने बंद केलं. आपल्याकडे अनेकांना फेरीवर पैसे मिळतात, म्हणजे झोपलेला तास बिनपगारी. निवडायचं झालं तर मी आपले आठ तास घेईन, पण मोजणारं यंत्र तिकडचं.