किचनचं काम काढलंय: घरातच राहायचं की मुक्काम हलवायचा?

किचनचं काम काढायचं ठरलं की घरात चर्चा होते ती ग्रॅनाइटच्या रंगाची आणि ट्रॉल्यांची. महिनाभर जेवायचं कुठे आणि झोपायचं कुठे, हा विषय बहुतेक घरांत तोडफोडीच्या आदल्या रात्री निघतो. मी दोन्ही प्रकार केलेत. पुण्यात आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं किचन काढलं, तेव्हा आम्ही दोघं, सातवीतली मुलगी आणि सासूबाई असे चौघंही घरातच राहिलो. चार वर्षांनी डोंबिवलीला आईचं किचन काढलं, तेव्हा आईला घेऊन पूर्ण महिनाभर नाशिकला भावाकडे गेले. त्यामुळे आता कोणी विचारलं की मी बजेटच्या आधी एकच विचारते: तुमचा ओटा कशावर बसणार आहे?

प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ओटा दोन प्रकारे होतो. कडप्प्याच्या उभ्या फळ्या लावून त्यावर ग्रॅनाइट बसवतात, तो एक. त्यात गवंड्याचं काम संपलं की ओटा, सिंक, नळ सगळं तयार असतं. मग ट्रॉल्यांची मापं घेतली जातात, आणि त्या कारखान्यातून यायला आणखी तीन-चार आठवडे जातात. पण त्या आठवड्यांत तुम्ही स्वयंपाक करू शकता. नसतात ती फक्त दारं आणि ट्रॉल्या, खाली उघडे कप्पे असतात, त्यावर जुन्या साडीचा पडदा लावला की काम भागतं. दुसऱ्या प्रकारात प्लायचे बॉक्स आधी बसतात आणि ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झ त्यांच्यावर. तिथे बॉक्स येईपर्यंत ओटाच नाही, म्हणजे सिंक नाही आणि शेगडी ठेवायला जागाही नाही. पहिल्या प्रकारात चूल बंद राहते ती साधारण पंधरा-अठरा दिवस, दुसऱ्यात सहज महिना-दीड महिना. घरात राहणं झेपेल की नाही, हे निम्मं इथेच ठरतं.

घरात राहायचं तर

पहिले दोन दिवस तोडफोड. आवाजाची तयारी सगळे करतात, धुळीची कोणी करत नाही. किचनच्या दाराला प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीने चारही बाजूंनी लावा आणि त्याच्या आत ओली चादर सोडा. बेडरूमच्या दाराखालच्या फटीत ओलं फडकं सरकवा. एवढं करूनही आमच्याकडे तिसऱ्या दिवशी कपाटातल्या घड्या घातलेल्या टॉवेलांवर पांढरा थर सापडला. खरी काळजी घ्यायची ती टाइल्स आणि ग्रॅनाइट कापताना. त्या धुळीत सिलिका असते, तिचे कण इतके बारीक असतात की ते थेट फुप्फुसात जाऊन बसतात. कटरवर पाण्याची धार धरून कापायला लावा, आणि कापणं घरात नको, गच्चीवर किंवा ड्राय बाल्कनीत. ही अट काम सुरू व्हायच्या आधीच घाला. कटर सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही. कामगारांनाही मास्क द्या, ते तर ही धूळ रोज खातात.

मग प्रश्न येतो पर्यायी चुलीचा. इंडक्शन आणू, असं सगळे म्हणतात. पण २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढते आणि हॉलमधला टीव्हीशेजारचा छोटा प्लग असतो ६ अँपिअरचा. एक्स्टेन्शन बोर्ड लावून तिथे शेगडी चालवणं म्हणजे वायर तापवणं. १६ अँपिअरचा मोठा प्लग घरात किचनशिवाय कुठे कुठे आहे ते बघा: एसीचा, गिझरचा, वॉशिंग मशीनचा. आमच्याकडे वापरण्याजोगा होता तो बेडरूममधला एसीचा, तोही भिंतीवर उंच. वायरमनला बोलावून त्याच लाइनवरून खाली एक पॉइंट काढून घेतला आणि पंधरा दिवस आमचं स्वयंपाकघर पलंगाच्या पायथ्याशी होतं. कुकरच्या शिट्ट्या बेडरूममध्ये. फोडणीचा वास उशांना लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता फोडणी नको गं, वरून तूप घालू." त्या दिवसांत आम्ही खूप मुगाची खिचडी खाल्ली आणि ती सगळ्यांना आवडली.

इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, गोल बुडाची कढई चालत नाही, फुलका फुगवता येत नाही. ज्या भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटेल ते चालतं. म्हणून पोळ्या बाहेरून आणायच्या आणि भात, वरण, एखादी भाजी घरी करायची, हा हिशेब सगळ्यात सोपा पडतो. सिलिंडर हॉलमध्ये आणून शेगडी लावावी असं वाटेल. सुतार घरातच सनमायका चिकटवणार असेल तर अजिबात लावू नका. ते चिकटवायचं द्रावण आणि थिनर लगेच पेट घेतात. पाइप गॅस असेल तर तो बंद करणं, हलवणं, पुन्हा जोडणं हे गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. प्लंबर "करून देतो की" म्हणाला तरी नको. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो, म्हणून तारखा जुळवताना तो आठवडा धरून चाला.

आणि भांडी! घरात राहिलेल्या कोणालाही विचारा, सगळ्यात जास्त जीव कशाने गेला, तर उत्तर भांडी हेच असतं. ड्राय बाल्कनीत नळ आणि निचरा असेल तर तुमचं निम्मं दुःख हलकं झालं. नसेल तर भांडी बाथरूममध्ये, जमिनीवर बसून. खरकटं आधी वर्तमानपत्रावर पुसून काढा, नाहीतर भाताची शितं नहाणीच्या जाळीत अडकून आठवड्यात पाणी तुंबतं. आमची भांड्यांची मावशी तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, माझे गुडघे नाही हो ऐकत." तिचं बरोबर होतं. त्या महिन्यात चारच ताटं, चार वाट्या, चार पेले बाहेर ठेवले, बाकी सगळं खोक्यांत. ज्याचं ताट त्याने धुवायचं. पगार मात्र तिला पूर्ण दिला.

बाहेर राहायचं तर

आईला दमा आहे, त्यामुळे डोंबिवलीत विचार करायला फारसं काही नव्हतं. घरात दमेकरी असेल, तान्हं बाळ असेल, कोणी नुकतंच ऑपरेशन होऊन आलं असेल, किंवा घर वन रूम किचन असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही, बाहेर जा. राहतं घर म्हणजे किचन आणि एक खोली, त्यातली एक तोडली की दुसरी गोदाम होते.

नाशिकचा महिना आईसाठी फार छान गेला. वेळेवर जेवण, नातवंडं, रात्रीची शांत झोप. किंमत मोजावी लागली ती घरात, आणि ती मला महिन्याने कळली.

पुण्यात मिस्त्री दिवसातून दहा वेळा दारात यायचा. "ताई, मिक्सरचा पॉइंट कुठे घेऊ?" "ताई, नळ भांड्यात पडेल एवढा वर ठेवू का?" "फिल्टर इकडच्या भिंतीला की तिकडच्या?" हातात खडू, भिंतीवर रेघ. मी ओट्याच्या उंचीवर हात ठेवून उभी राहायचे, पोळी लाटल्यासारखं करून बघायचे आणि सांगायचे. सासूबाईंना ३४ इंच उंच होत होता, मला ३२ खाली. भिंतीला पाट टेकवून दोघींनी उभं राहून पाहिलं आणि ३३ वर रेघ मारली. हे ड्रॉइंगमध्ये कुठेच नसतं.

डोंबिवलीत विचारायला कोणी नव्हतं, म्हणून तिथल्या मिस्त्रीने आपल्या मनाने केलं. वाईट केलं असं नाही, अंदाजाने केलं. मिक्सरचा प्लग बरोबर शेगडीच्या मागे आला. आईला रोज वायर आचेपासून लांब धरून चटणी वाटावी लागते. सिंकखालच्या पाइपला उतार कमी पडलाय, दर दोन महिन्यांनी तुंबतो. पाणी मारायचं राहिल्याने एका कोपऱ्यात गिलाव्याला केसासारख्या चिरा होत्या, त्या टाइल्सखाली गेल्या. फोटो रोज येत होते व्हॉट्सॲपवर, पण फोटोत पाइपाचा उतार दिसत नाही.

खर्चाचं म्हणाल तर फरक असा पडतो. घरात राहून चौघांना दोन्ही वेळा डबा आणला, एक डबा १०० रुपयांचा धरला, तर दिवसाचे ८०० आणि १८ दिवसांचे १४,४०० होतात. सर्व्हिस अपार्टमेंट दिवसाला २,५०० ने धरलं तर त्याच १८ दिवसांचे ४५,०००, पण तिथे किचन असतं, डबा लागत नाही. तुमच्या भागातले दर घालून हाच हिशेब मांडा. एका महिन्यापुरता फ्लॅट भाड्याने मिळणं मात्र अवघड. आपल्याकडे करार असतात ११ महिन्यांचे, त्यात अनामत रक्कम, दलाली आणि नोंदणी. त्या फंदात पडू नका. सोसायटीतच एखादा बंद फ्लॅट असेल आणि मालक ओळखीचा असेल, तर तो लाखमोलाचा.

नातेवाइकांकडे जाणार असाल तर तारीख सांगताना स्वतःहून दहा दिवस वाढवून सांगा. "पंधरा दिवस" सांगून पंचवीस दिवस राहणं कोणाच्याच घरी बरं नाही.

मग करायचं काय?

अडचण अशी आहे की ज्या दिवसांत घरात राहवत नाही, नेमक्या त्याच दिवसांत तिथे तुमची सगळ्यात जास्त गरज असते. तोडफोड, भिंतीतल्या पाइप-वायरींच्या खाचा, वॉटरप्रूफिंग, गिलावा: धूळ यातच, आणि टाइल्सच्या मागे कायमचं गाडलं जातं तेही यातच. ट्रॉल्या बसतात त्या आठवड्यात घर राहण्याजोगं असतं, आणि तेव्हाची चूक स्क्रू काढून सुधारता येते.

म्हणून माझं मत असं: पहिले पंधरा-अठरा दिवस झोपायला आणि जेवायला बाहेर, पण दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर. आईकडे, बहिणीकडे, शेजारच्या इमारतीत, कुठेही, पण पायी किंवा स्कूटरवर चटकन येता आलं पाहिजे. सकाळी काम सुरू होताना एक फेरी, संध्याकाळी मजूर जायच्या आधी दुसरी. दुसऱ्या गावाला जाण्यापेक्षा मी घरात राहून धूळ सोसेन, अर्थात घरात कोणाला श्वासाचा त्रास नसेल तर. जवळपास कोणीच नसेल आणि घरात दमेकरीही असेल, तर त्या माणसाला एखाद्याबरोबर गावी पाठवा आणि घरातल्या एकाने मागे राहा. आईच्या वेळी मी हे करायला हवं होतं.

सकाळच्या फेरीत गिलाव्यावर पाणी मारलंय का ते हाताने पाहा, ते निदान सात दिवस रोज मारावं लागतं. पाइप झाकायच्या आधी दाबाने पाणी भरून एक रात्र तसंच ठेवायला सांगा आणि सकाळी सांधे कोरडे आहेत का ते बघा. टाइल्स लागायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे कधी कपाटासाठी भोक पाडताना पाइप कुठून गेलाय ते त्या फोटोतच सापडेल.

तारखांचंही एक आहे. पावसाळ्यात गिलावा वाळत नाही, प्लाय फुगतो आणि धूळ बाहेर जावी म्हणून खिडक्याही उघडता येत नाहीत. होळी, दिवाळी, छठ या दिवसांत फरशीवाले आणि सुतार गावी जातात, ते परत यायला पंधरवडा लागतो. घर उघडं पडलंय आणि माणूस गावाला गेलाय, असं झालं की बाहेर राहण्याचा सगळा हिशेब कोलमडतो. सोसायटीत कामाच्या वेळा काय आहेत, दुपारी ठोकाठोक बंद असते का, राडारोडा कुठे ठेवायचा आणि तो कोण उचलणार, हे आधी लिहून घ्या. खालच्या मजल्यावरच्यांना स्वतः जाऊन सांगा. त्यांचं छत म्हणजे तुमची फरशी.

परत राहायला यायच्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री जायच्या आधी सिंकची जाळी बंद करून ते काठोकाठ भरा. खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा आणि पाणी एकदम सोडा. पाच मिनिटं थांबून वाकून कागद बघा. कुठेही डाग नसेल तर मिस्त्रीलाही थांबवा, आणि नव्या ओट्यावर दूध उतू घालायला ठेवा.