दोन हंगाम, 336 पिना आणि अक्कलकोट रोडचे अण्णा

दोन वर्षांमागच्या भोगीची रात्र. साडेअकराच्या सुमाराला बगॅस कॅरिअरमधून, म्हणजे भट्टीकडं चिपाड वाहून नेणाऱ्या चेनच्या कन्व्हेयरमधून, एक आवाज आला. फार मोठा नाही, कोणी परातीवर उलथनं आपटावं एवढाच. रात्रपाळीचे मामा मोटार बंद करायला धावले. तेवढ्या वेळात नऊ स्लॅट (चिपाड ढकलणाऱ्या आडव्या पट्ट्या) एकमेकांवर चढले होते आणि ओल्या चिपाडाचा ढीग भट्टीच्या तोंडापर्यंत आला होता. कढईत रस उकळतोय, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या आणि जाळायला चिपाड नाही. ज्यांचं गुऱ्हाळ किंवा गूळ पावडरचा प्लांट आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

आमचा प्लांट सोलापूरहून मोहोळकडे जाताना, पुणे हायवेपासून थोडा आत आहे. भाऊ हिशेब आणि ऊस बघतो, मशिनरी माझ्याकडे. त्या रात्री सगळे म्हणाले, ‘चेन तुटली’. मीही तेच म्हणालो. पण सकाळी चिपाड उपसल्यावर दिसलं की तुटलं काहीच नव्हतं. साइड प्लेट शाबूत, बुश (पिनेभोवतीची नळी) शाबूत, पिन तर धडधाकट सापडली. तिच्या टोकाची कॉटर पिन, म्हणजे पिन निसटू नये म्हणून भोकात घालून पाय वाकवतात ती तार, तेवढी गायब होती. पिन आपल्या जागेवरून सरकत सरकत बाहेर आली आणि कडी उघडली.

बरं, दिवस कोणता, तर संक्रांतीचा. गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज निघालेले, अर्धं सोलापूर सिद्धेश्वराच्या वाटेवर. फोन केला त्या तीनपैकी दोन वर्कशॉपवाल्यांच्या मागं हलग्या वाजत होत्या. तिसऱ्यानं उचललाच नाही. शेवटी मामांनी खिळा वाकवून कॉटरच्या जागी घातला आणि आम्ही रडतखडत फेब्रुवारी काढला.

ती जुनी चेन गावातल्या एका मोठ्या दुकानातून घेतली होती. दुकानाचं नाव लिहीत नाही. पावती आहे, पण भांडायला वेळ नाही. लिहायचंय ते नंतर घेतलेल्या चेनबद्दल, तेही दोन पूर्ण हंगाम चालवल्यावर. नवी चेन पहिल्या महिन्यात छानच वाटते, तेव्हा लिहिलेल्याला अर्थ नसतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याची शेड आहे. दोन लेथ, एक प्रेस, एक ड्रिलिंग मशीन, चार माणसं. मालकाला सगळे अण्णा म्हणतात. नाव-पत्ता देऊ नका असं त्यांनीच बजावलंय. हंगामात रात्री दोनला फोन येतात आणि घरातली माणसं त्यांच्यावर चिडतात. तिथले वर्कशॉपवाले ‘चेनवाले अण्णा’ म्हटलं की ओळखतात.

मी गेलो तेव्हा त्यांनी किती मीटर, काय भाव, काही विचारलं नाही. म्हणाले, “जुनी कडी आणलाय का?” आणली होती. त्यांनी पिन साइड प्लेटच्या भोकात घातली आणि अंगठ्यानं फिरवली. गर्रकन फिरली.

“हे बघा सायेब. पिन इथं फिरायलीय. इथं फिरायला नाही पायजे. बुशात फिरूद्या की तिला, तिथं पोटभर झिजूद्या.”

मी आयटीआय केलेला माणूस, पण हे इतकं सरळ मला कोणी सांगितलं नव्हतं. कन्व्हेयर चेन लांब होते तेव्हा पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश एकमेकांवर घासतात, थोडं थोडं अंतर वाढतं आणि सगळ्या सांध्यांची बेरीज होऊन चेन लोंबते. ही झीज टळत नाही. आपल्या हातात एवढंच असतं की ती कुठं व्हावी. पिन बाहेरच्या प्लेटमध्ये घट्ट आणि बुश आतल्या प्लेटमध्ये घट्ट, म्हणजे हालचाल फक्त त्या दोघांच्या मधे. जात्याच्या खालच्या तळीत खीळ घट्ट बसवलेली असते आणि फिरते ती वरची तळी. खीळच फिरायला लागली तर खालचं भोक मोठं होणार, आणि एक दिवस दळताना ती हातात येणार.

माझ्या जुन्या चेनमध्ये तेच झालं होतं. गोल पिन गोल भोकात ठोकलेली. पहिल्या हंगामात फिट घट्ट होता, दुसऱ्यात सैल झाला. पिन प्लेटमध्ये फिरायला लागली, भोक अंडाकृती झालं, आणि फिरताना कॉटरचे पाय प्लेटवर घासून घासून कातरले गेले. 1880 साली मँचेस्टरला हान्स रेनॉल्डनं चेनमध्ये बुश घातला, तो याचसाठी. त्याआधी पातळ प्लेटा थेट पिनेवर फिरायच्या आणि लवकर खलास व्हायच्या. माझी चेन बुश असूनसुद्धा 1880 च्या मागं गेली होती!

आता आकडे. आमचा कॅरिअर शाफ्टपासून शाफ्टपर्यंत 12 मीटर, पिच (एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर) 150 मिमी, दोन्हीकडे 8 दातांचे स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं). एका बाजूची चेन 25.2 मीटर, म्हणजे 168 पिच. दोन बाजू मिळून 336 पिना. जुन्या चेनमध्ये या सगळ्याच्या सगळ्या कॉटरवाल्या होत्या. म्हणजे कडी उघडू शकेल अशा 336 जागा आणि बघणारे मामा एकटे.

अण्णांच्या चेनमध्ये पिनेच्या डोक्याखाली दोन बाजूंनी सपाट कापलेलं आहे आणि बाहेरच्या प्लेटचं भोकही त्याच आकाराचं. पिन बसली की फिरायचा प्रश्नच नाही. दुसरं टोक रिव्हेट केलेलं, म्हणजे ठोकून पसरवलेलं. बुशचीही टोकं अशीच सपाट, आतल्या प्लेटमध्ये तीही फिरत नाहीत. चेन 20-20 पिचच्या तुकड्यांत येते. एका बाजूला असे आठ तुकडे आणि एक 8 पिचचा, म्हणजे जोडाच्या कड्या नऊ. दोन्ही बाजूंच्या मिळून 18. कॉटर फक्त या 18 पिनांना, बाकीच्या 318 रिव्हेटच्या. या 18 कड्यांना मी पिवळा रंग मारून घेतलाय. पाळी सुरू व्हायच्या आधी कॅरिअर हळू फिरवून तेवढ्याच बघायच्या.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. घर्षणानं जी बाजू ट्रफच्या (चेन ज्या पन्हाळीतून पळते तिच्या) पत्र्याला लागते तिकडं पिनेचं डोकं ठेवलंय, कॉटर मोकळ्या बाजूला. जुनीत उलटं होतं. एवढ्या साध्या गोष्टीकडं आमचंही लक्ष गेलं नव्हतं. शिव्या मात्र दुकानदाराला.

घेताना मी कानस घेऊन गेलो होतो. अण्णा हसले, पण घासू दिली. पिनेच्या मधल्या अंगावर कानस घसरते, धरत नाही. रिव्हेटच्या टोकावर धरते. तसंच पाहिजे, कारण ते टोक ठोकून पसरवायचं असतं. मी विचारलं, सगळी पिनच आतपर्यंत कडक का करत नाही? म्हणाले, “मग आपल्या कडक भाकरीवानी मोडंल की कटकन.” वरची साल कडक, आतला गाभा चिवट. तोटा एवढाच की कडक साल एकदा झिजून गेली की पुढची झीज पळत सुटते. आधीच्या वर्षी थोडीच वाढली म्हणून पुढच्याही वर्षी थोडीच वाढेल, असा हिशेब धरता येत नाही.

मोजायची पद्धत त्यांनीच शिकवली. एक कडी मोजून काही कळत नाही. चेन ताणात असताना 10 पिच मोजायचे, नवीन असताना 1500 मिमी भरतात. 1530 झाले म्हणजे 2 टक्के. कन्व्हेयर चेनला साधारण 2 ते 3 टक्के वाढ ही शेवटची हद्द धरतात. त्यापुढं चेन स्प्रॉकेटच्या दातांवर वर चढून बसते आणि उडी मारते. आम्ही मात्र थेट दोनलाच बदलायचं ठरवलंय.

जुनी चेन त्या भोगीनंतर मोजली तेव्हा एका बाजूला 1541 भरली, दुसऱ्या बाजूला 1533. म्हणजे एका बाजूची एकूण वाढ जवळपास 690 मिमी. मधे आम्ही दोन पिच काढले होते, 300 मिमी तिथं गेले. (काढायचे तर दोनच, आतली कडी आणि बाहेरची कडी जोडीनं जातात.) टेल शाफ्ट (मागच्या टोकाचा, चेन ताणायला मागं सरकवता येणारा) त्याचा खाचा 150 मिमीचा, चेन वरून आणि खालून दोन्हीकडून येते म्हणून त्यात अजून 300 जातात. उरलेले 90 मिमी नुसते लोंबत होते. टेलजवळ ढिली चेन दर फेऱ्याला डुलायची, सैल पिनेला बाहेर ढकलायची. शिवाय दोन बाजूंत फरक असल्यामुळं स्लॅट तिरके चालायचे. ऐकून अंगावर काटा येतो, पण त्या वेळी मी रोज शेजारून जात होतो.

नवी चेन पहिल्या हंगामानंतर 1506. दुसऱ्या हंगामानंतर, म्हणजे गेल्या महिन्यात, डावी 1512 आणि उजवी 1512. टेल शाफ्ट साधारण 100 मिमी मागं घेतलीय. एकही पिन फिरलेली नाही. हे कसं कळलं? बसवताना प्रत्येक पिनेच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत छिन्नीनं एक रेघ मारली होती. रेघा अजून सरळ आहेत.

आता तक्रारी. त्या भरपूर आहेत.

नागपंचमीला देतो म्हणाले, घटस्थापना झाल्यावर दिली. रोज एक नवं कारण. उजव्या बाजूच्या स्लॅट बसवायच्या प्लेटांपैकी 11 ची भोकं दीडेक मिलिमीटर सरकलेली होती, ती आम्हाला इथं रीमर मारून मोठी करावी लागली. प्लेटांच्या कडांना बर (कापताना राहिलेली धार) इतकी की पहिल्या दिवशी पोरांची हातमोज्यांसकट बोटं कापली. बिल तिसऱ्या खेपेला बरोबर मिळालं. ते माल पोचवत नाहीत, टेंपो आपलाच. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत.

कॉटर पिना साध्या लोखंडाच्या दिल्या होत्या, ही खरी चूक. चिपाडात निम्मं पाणीच असतं आणि त्यातला उरलासुरला रस आंबतो. पहिल्या हंगामात पाच कॉटर वाकवलेल्या जागी गंजून बारीक झाल्या. मी जाऊन टेबलावर ओतल्या. अण्णांनी वाद घातला नाही, 18 च्या 18 स्टेनलेसच्या दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. आता सगळ्यांना त्याच देतात म्हणे. वापरलेली कॉटर सरळ करून परत घालायची नाही, हे पण त्यांनी मामांना दम देऊन सांगितलं. मामांना राग आला. चाळीस वर्षं ते तेच करत आलेत.

रिव्हेटची चेन दुरुस्तीला जड जाते, हेही सांगायला पाहिजे. नोव्हेंबरात एक प्लेट ट्रॉलीतून आलेल्या दगडानं वाकली. कॉटरवाली असती तर दहा मिनिटांचं काम. इथं ग्राइंडरनं रिव्हेटचं डोकं उडवून पिन स्क्रू-प्रेसनं ढकलून काढावी लागली, दोन तास गेले. घणानं ठोकायचा मोह होतो. ठोकू नका, भोक पसरतं आणि ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच जातं. भाऊ त्या दोन तासांत चार वेळा येऊन म्हणाला, “जुनीच बरी होती.” मी त्याला भोगीची आठवण करून दिली.

किंमत दुकानातल्या चेनच्या जवळपास दीडपट पडली, वजनही जास्त. स्प्रॉकेट नवे घेतले तो खर्च वेगळा. जुन्या झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घालू नका, हुकासारखे वाकडे झालेले दात तिला एका हंगामात खाऊन टाकतात. त्यावर अण्णांनी बळजबरी केली नाही, पण “मग माझ्याकडं रडायला येऊ नका” म्हणाले.

ज्यांना शेंगदाण्याच्या किंवा डाळीच्या लहान एलिव्हेटरला चेन पाहिजे त्यांनी इथं जाऊ नये. कोरडा माल, कमी ताण, तिथं बाजारातली तयार चेन पुरते. उगाच थांबाल. ओलं चिपाड, माती, राख, आणि बंद पडलं की हजारो रुपयांचा रस वाया, असं काम असेल तर जरूर जा. जाताना जुनी कडी न्या, नाहीतर बसायला खुर्ची पण मिळणार नाही.

गिअरबॉक्सकडून येणाऱ्या बारीक ड्राइव्ह चेनचं जाता जाता सांगतो, कारण ती आमचीच चूक होती. तिच्या जोडकडीला स्प्रिंग क्लिप असते. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते तिकडं पाहिजे, उघडं तोंड मागं. आमच्याकडं तीन वर्षं उलटी होती. अण्णा प्लांटवर एकदाच आले, चहा हातात घेतला, लांबूनच बघितलं आणि कप खाली ठेवून आधी ती क्लिप फिरवली.

पाचपैकी साडेतीन. अर्धा उशिरासाठी कापला, अर्धा त्या 11 भोकांसाठी आणि अर्धा गंजलेल्या कॉटरसाठी. जोडाच्या सहा जादा पिनांचे पैसे देऊन ठेवलेत, त्या अजून आलेल्या नाहीत. काल फोन केला तर म्हणाले, शनिवारी या. कोणत्या शनिवारी ते सांगितलं नाही.