गिअरबॉक्स न उघडता गिअरबॉक्स दुरुस्त

पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो वेळेसाठी: दोन दिवसांचं काम म्हणाले आणि नऊ लावले. बाकी या मिस्त्रींबद्दल चांगलंच लिहिणार आहे. त्यांचं स्वतःचं वर्कशॉप नाही, दोन पेट्या घेऊन बोटीवर येतात.

आमची बोट ३२ फुटी, इनबोर्ड डिझेल (इंजिन बोटीच्या आत), हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा गिअरबॉक्स. दुखणं असं, की पहिली वीस मिनिटं काही तक्रार नाही. मग थ्रॉटल जागच्या जागी असताना इंजिन ओरडायला लागायचं, आरपीएम १,८०० वरून २,२०० वर, आणि बोट मात्र मंदावायची. गिअरबॉक्सवर हात ठेववायचा नाही. अर्धा तास थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. लाल तेल तपकिरी पडलेलं, आणि वास करपलेला.

त्याआधी एका वर्कशॉपने फोनवरच निकाल दिला होता: क्लच प्लेटा (तेलाच्या दाबाने एकमेकींवर दाबल्या जाऊन इंजिनाची ताकद शाफ्टला देणाऱ्या चकत्या) गेल्या, गिअरबॉक्स उतरवा. आमच्या बोटीत उतरवायचा म्हणजे कपलिंग सोडा, शाफ्ट मागे सारा, इंजिनाला मागून टेकू द्या. नवरा तर नवा गिअरबॉक्स कुठे मिळेल ते शोधायलाही लागला होता. निदान अगदीच अडाणीपणाचं नव्हतं, झिजलेल्या प्लेटाही अशाच घसरतात, पकड सोडतात. पण थंड असताना घसरतो का, हे कुणी विचारलंच नाही.

मिस्त्रींनी पहिलं तेच विचारलं. "ताई, आधी तापतो की आधी घसरतो?" मला वाटलं चेष्टा करतायत. पण सगळी मेख तिथेच होती. प्लेटा घसरल्या की घर्षणाने तेल तापतं. तेल तापलं की पातळ होतं, पंपातून आणि जुन्या सीलमधून निसटतं, प्रेशर पडतं, आणि प्लेटा आणखी घसरतात. एकदा चक्र सुरू झालं की दोन्ही लक्षणं हातात हात घालून येतात. चोर कोण आणि साथीदार कोण, ते वरवर बघून सांगता येत नाही.

तेलाची पातळी त्यांनी इंजिन बंद केल्या केल्या पाहिली. थांबून पाहिली असती तर आमच्या गिअरबॉक्समध्ये कूलर (गिअरचं तेल समुद्राच्या पाण्याने थंड करणारा) आणि नळ्यांतलं तेल खाली उतरतं आणि पातळी उगाच जास्त दिसते. इतकी वर्षं मी सकाळी, सगळं थंड असताना बघत होते! तेल टिश्यूवर चोळलं: बारीक काळी पूड, पण पितळेची चमक नाही. दुधाळही नव्हतं, म्हणजे कूलर फुटून पाणी आत आलेलं नव्हतं.

मग गिअरची केबल सोडून गिअरबॉक्सवरचा लिव्हर हाताने टोकापर्यंत, खाचेत बसेपर्यंत ढकलला. केबल थोडी जरी तोकडी पडली तरी व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो आणि क्लच नीट दाबला जात नाही. पुष्कळ गिअरबॉक्स नुसते एवढ्यासाठी उतरवले जातात, असं त्यांचं म्हणणं. आमची केबल ठीक निघाली.

प्रेशर गेज लावला. थंड असताना ९ बार, पुढच्या गिअरला आणि रिव्हर्सलाही. तापल्यावर दोन्हीकडे ५. एकाच गिअरला पडलं असतं तर त्या बाजूच्या क्लचच्या सीलवर संशय गेला असता. दोन्हीकडे सारखंच पडतंय म्हटल्यावर त्यांनी गिअरबॉक्सकडे पाठ फिरवली आणि कूलरकडे वळले. तिथे टेम्परेचर गन. चकचकीत धातूवर ही गन खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवते, म्हणून नळ्यांच्या जोडांवर आधी काळी टेप चिकटवली. कूलरमध्ये जाणारं तेल ११२ अंश, बाहेर येणारं १०६. एवढ्या तापलेल्या तेलात कूलर जेमतेम ६ अंश उतरवत होता.

कूलरचं समुद्राच्या पाण्याकडचं झाकण उघडलं, आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आत पांढरा क्षार, आणि नळ्यांच्या तोंडाशी आडव्या बसलेल्या काळ्या रबराच्या दोन पाकळ्या. इंपेलरच्या, म्हणजे पाण्याच्या पंपात फिरणाऱ्या रबरी चाकाच्या. गेल्या सीझनला पाण्याच्या पंपाचा इंपेलर मीच बदलला होता, फोटोसुद्धा काढला होता. जुन्याच्या सहापैकी तीन पाकळ्या तुटलेल्या होत्या. त्या गेल्या कुठे, हा प्रश्न मला पडला नव्हता. आमच्या बोटीत पंपातून निघालेलं पाणी आधी गिअरच्या कूलरमधून जातं आणि मग इंजिनाच्या हीट एक्स्चेंजरला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या भागाला. इंजिनाचा काटाही तेव्हापासून रेघभर वर होता. मी म्हटलं, उन्हाळा आहे.

कूलर साफ केला, दोन्ही गॅस्केट नवी, गाळणी धुतली, तेल बदललं. काही तास चालवून पुन्हा बदललं, कारण पहिल्या खेपेला नळ्यांत आणि कूलरमध्ये जुनं तेल राहतंच. मग बोट धक्क्याला चारी बाजूंनी बांधून, पुढच्या गिअरमध्ये, तेल तापेपर्यंत चालवली. कूलरमध्ये जाताना ७८, बाहेर येताना ६२, प्रेशर ८ च्या वर.

प्लेटा नव्या झालेल्या नाहीत, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. ती काळी पूड प्लेटांचीच; जेवढं आयुष्य करपलं तेवढं गेलं. त्यानंतर ४० तास चालवली, एकदाही घसरली नाही.

तक्रारी आहेतच. फोन उचलत नाहीत. बिल्जमध्ये, बोटीच्या तळाशी सांडलेलं लाल तेल मलाच पुसावं लागलं. गॅस्केट आधी चुकीचं आणलं, त्यात चार दिवस गेले.

तिसरी पाकळी सापडली नाही. कूलरच्या पुढचा होज आणि एल्बो काढून पाहिला, रिकामा. बिलाच्या तळाशी त्यांनी पेनने लिहून ठेवलंय: "हीट एक्स्चेंजर उघडणे, १ पाकळी बाकी."