एप्रिलमध्ये एकट्याने युरोप: स्वस्त विमानं घ्यावी की ट्रेन?

व्हिसा आलाय, मुंबईहून जायचं-यायचं तिकीट झालंय, आणि आता मधली शहरं एकमेकांना कशी जोडायची इथे घोडं अडलंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. मी दोन्ही करून बसलोय. २०२३ च्या एप्रिलमध्ये लिस्बन, बार्सिलोना, रोम, बुडापेस्ट असं बजेट विमानांनी, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट असं ट्रेनने. दोन्ही वेळा एकटाच, दोन्ही वेळा मध्ये तीनच टप्पे, आणि पाठीवर तीच जुनी सॅक. बुडापेस्ट दोन्हीकडे आहे कारण तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांची मला चटक लागलीये, त्याबद्दल परत कधीतरी.

आधीच कबूल करतो, ही तुलना जरा अन्यायाची आहे. लिस्बनहून रोमला ट्रेनने जायचं म्हणजे सुट्टीचे दोन दिवस डब्यातच गेले, आणि प्रागहून व्हिएन्नाला विमानाने जाणं हा शुद्ध द्राविडी प्राणायाम. त्यामुळे खरा प्रश्न विमान की ट्रेन असा नाहीचे, लांबलांबची शहरं हवीत की जवळजवळची असा आहे, पण आपण सगळेच उलट्या बाजूने सुरुवात करतो, आधी २० युरोचं तिकीट दिसतं आणि मग त्या शहरात काय आहे ते शोधत बसतो. मीही तेच केलं होतं.

पैशाचं पटकन उरकतो. विमानांची तीन तिकिटं स्क्रीनवर सगळी मिळून ९० युरोच्या आत दिसत होती, सॅकचे पैसे भरल्यावर ती १९० च्या पुढे गेली, आणि विमानतळ ते शहर बसचं भाडं प्रत्येक ठिकाणी दोनदा. ट्रेनची तीन तिकिटं मी दीड-दोन महिने आधी काढली, ७० च्या आसपास पडली, आणि उतरल्यावर थेट शहरात, बसबिस काही नाही. आयत्या वेळी काढली असती तर हे गणित एवढं गोड लागलं नसतं हे खरं. आणि विमान बुक करताना शहराचं नाव वाचून भुलू नका, विमानतळाचं नाव वाचा, पॅरिस म्हणून विकलं जाणारं बोव्हे पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे मुंबई सांगून लोणावळ्याला उतरवल्यासारखं.

बॅगेचं दुखणं वसंतात जास्त जाणवतं. उन्हाळ्यात दोन टीशर्टवर भागतं, थंडीत एकच जाड जॅकेट अंगावरच असतं, पण एप्रिलमध्ये सकाळी पाच डिग्री, दुपारी वीस, मध्येच गारा, त्यामुळे सगळंच लागतं आणि कुठलंच दिवसभर अंगावर राहत नाही. बजेट विमानात फुकट जाते ती बॅग म्हणजे ऑफिसची लॅपटॉप बॅग समजा, त्यात युरोपचा एप्रिल मावत नाही. मी सॅकचे पैसे भरले होते तरी वजनाच्या भीतीने रोमच्या उकाड्यात दोन स्वेटर आणि त्यावर जॅकेट घालून रांगेत उभा होतो, दोन्ही खिशात चार्जर. वर हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली न्यायची नाही हा तेव्हाचा नियम. आईने दिलेलं तूप मी मुंबईहून चेक-इन बॅगेत सुखरूप आणलं होतं, लिस्बनहून निघताना सिक्युरिटीवाल्याने ती बरणी उजेडात धरून बघितली, हुंगली, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मेतकूट वाचलं. तुपाशिवाय मेतकूट-भात खाल्लाय कधी?

हे सगळं मी सहन केलं असतं. माझं मन ज्याने बदललं ती गोष्ट एवढीशी आहे, रबरी शिक्का.

झालं असं की ऑनलाइन चेक-इन केलेलं, बोर्डिंग पास फोनमध्ये, सॅक खांद्यावर, मी आपला ऐटीत सिक्युरिटी पार करून, कॉफी पिऊन, गेटवर. गेटवरच्या बाईंनी पासपोर्ट बघितला, बोर्डिंग पास बघितला, परत पासपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, व्हिसा चेक? मी व्हिसाचं पान काढून दाखवलं. त्या म्हणाल्या ते नाही, शिक्का. तेव्हा, २०२३ मध्ये, काही बजेट एअरलाइन्सची अशी पद्धत होती की तुमचा पासपोर्ट युरोपियन नसेल तर बोर्डिंग पास कागदावर छापून काउंटरला न्यायचा, तिथे कागदपत्रं दाखवायची आणि शिक्का मारून घ्यायचा, मग तुम्ही शेंगेनमधून, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या देशांच्या गटातून, शेंगेनमध्येच का जात असेना. हे त्यांच्या ईमेलमध्ये लिहिलेलं होतं, अगदी खाली, मी वाचलं नव्हतं, चूक माझीच. पण काउंटर सिक्युरिटीच्या बाहेर. मग उलटा बाहेर या, काउंटर शोधा, तिथे बाबागाड्या आणि गोल्फचे किट घेतलेल्या तीसेक लोकांची एकच रांग, माझी पाळी आली तेव्हा त्या माणसाने पासपोर्ट उघडला, ज्या पानावर उघडला त्यावर व्हिसा नव्हताच, तरी मिटला आणि ठप्प. दोन सेकंद. मग परत सिक्युरिटी, परत पट्टा काढा, परत लॅपटॉप बाहेर, आणि पळत गेटवर. विमान मिळालं. घाम मात्र एप्रिलचा नव्हता, आपल्या मे महिन्याचा होता.

बरं, एकदा समजल्यावर सोपं झालं का, तर नाही. पुढच्या दोन्ही फ्लाइटला आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये प्रिंटर शोधणं, एका ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलाने एका पानाचा एक युरो घेतला, आणि सकाळी सगळ्यांपेक्षा तासभर आधी निघणं. सकाळी सातची फ्लाइट म्हणजे साडेतीनला उठणं, आणि आठ जणांच्या डॉर्ममध्ये साडेतीनला सॅकची चेन लावणं यासारखं पाप नाही. दोघं असाल तर एक रांगेत उभा राहतो, दुसरा प्रिंटचं बघतो. एकट्याला सगळं स्वतःच करायचं, आणि टॉयलेटला जातानाही सॅक सोबत. आता हे तुम्हाला क्षुल्लक वाटेल, वाटू शकतं, काही जणांना तर कोणी विचारतही नाही. मला मात्र तीनही वेळा विचारलं, आणि बार्सिलोनातला शेवटचा अर्धा दिवस माझ्या डोक्यात गाउडीच्या इमारती नव्हत्या, कागद होता.

बार्सिलोनाचं नाव निघालंच तर विमानाच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल. मी २३ एप्रिलला तिथे होतो, सांत जॉर्दीचा दिवस, सगळा रस्ताभर पुस्तकांचे आणि गुलाबांचे स्टॉल, लोक एकमेकांना पुस्तक आणि गुलाब देतात, अख्खं शहर रस्त्यावर. तीन दिवसांनी रोमला स्पॅनिश स्टेप्सच्या पायऱ्यांवर अझेलियाच्या फुलांच्या कुंड्या मांडलेल्या. दक्षिणेतला वसंत खात्रीचा असतो. प्रागमध्ये मात्र एकाच दुपारी ऊन, पाऊस आणि गारा, आणि दहा मिनिटांनी पेट्रिनच्या टेकडीवर फुललेल्या झाडांखाली लोक असे बसलेले जणू काही झालंच नाही. दहा दिवसांत हे दक्षिणेतलं सगळं हवं तर विमानाला पर्याय नाही, हे मान्य.

आता ट्रेन. बर्लिन ते प्राग साधारण साडेचार तास, आणि डावीकडची खिडकी घ्या, एवढं एक ऐका. ड्रेस्डेननंतर रूळ नदीच्या अगदी काठाने जातात, पलीकडे उभे कडे, खाली छोटी गावं, त्याआधी बराच वेळ मोहरीसारखी पिवळीधमक शेतं. माझ्यासमोर एक आजोबा बसले होते, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जर्मन. त्यांनी काचेवर बोट टेकवून सांगितलं, एल्बे. मी मान डोलावली. मग तासभर काही नाही, त्यांनी सफरचंद कापलं, मला दोन फोडी दिल्या, मी शेंगदाण्याची चिक्की पुढे केली, ती त्यांनी आधी दाताने तपासून बघितली आणि मग खिशात ठेवली. सीमा ओलांडून गेल्यावर त्यांनी परत काचेवर बोट टेकवलं, त्याच नदीवर, आणि म्हणाले, लाबे. मग स्वतःच हसले. मला कळायला थोडा वेळ लागला, चेकमध्ये त्याच नदीचं नाव लाबे आहे. मग मी डायनिंग कारमध्ये जाऊन सूप घेतलं, टेबलावर कापडी टेबलक्लॉथ, बाहेर नदी. या साडेचार तासांत मला कोणीही पट्टा काढायला लावला नाही.

ट्रेनचे दोष नाहीत असं नाही. माझी एक गाडी पन्नास मिनिटं लेट झाली, एका तासाच्या वर गेली असती तर नियमाप्रमाणे तिकिटाचे २५ टक्के तरी परत मागता आले असते, पण ती बरोबर त्याच्या अलीकडे पोचली. विमानाचं याबाबतीत चांगलं आहे, छोट्या फ्लाइटला तीन तासांच्या वर उशीर झाला आणि चूक एअरलाइनची असेल तर २५० युरो मिळतात, पण तीन तास विमानतळावर बसायला लागतात हेही आलं. प्रागच्या स्टेशनवर प्लॅटफॉर्मचा नंबर आयत्या वेळी लागतो आणि सगळे बोर्डाखाली मान वर करून उभे, दादरला असल्यासारखं वाटतं. आणि माझी स्वतःची घोडचूक म्हणजे प्राग ते व्हिएन्ना मी गुड फ्रायडेला केलं आणि सीट रिझर्व्हेशन घेतलं नाही. तिकडे तिकीट वेगळं, सीट वेगळी, तिकीट असलं म्हणजे बसायला मिळेलच असं नाही. दोन-तीन युरो वाचवले आणि वाटेतल्या ब्रनो शहरापर्यंत दाराशी सॅकवर बसून गेलो. ईस्टरच्या आसपास जाणार असाल तर सीट घ्याच, आणि सोमवारी दुकानं बंद असतात त्यामुळे शनिवारीच खायचं घेऊन ठेवा. बाकी पासपोर्ट हाताशी असू द्या, जर्मनीत शिरताना पोलीस डब्यात येऊन बघतात, मात्र शिक्का मागत नाहीत.

आता रेल्वेच्या पासबद्दल, म्हणजे एकदाच पैसे भरून बऱ्याच गाड्यांनी फिरायची सोय. आपल्याला इंटररेल मिळत नाही, तो तिथे राहणाऱ्यांसाठी, आपल्यासाठी युरेल, ३३ देश चालतात. माझ्यासारखे तीनच टप्पे असतील आणि तारखा पक्क्या असतील तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात असं माझं मत. सात-आठ टप्पे असतील, मनात आलं की उतरायचं असेल, तर पास घ्या, फक्त फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असूनही वर रिझर्व्हेशनचे पैसे द्यावे लागतात हे धरून चाला.

मग कोणी काय घ्यावं? पहिल्यांदाच जाताय, परत कधी येणं होईल माहीत नाही, रोम आणि बार्सिलोना दोन्ही बघितल्याशिवाय घरचे विचारत राहतील, तर विमान घ्या, वाईट काही नाही, सॅकचे पैसे तिकिटाबरोबरच भरा, गेटवर भरायला लागले तर जास्त पडतात. पण एकटे असाल आणि दोन शहरांच्या मधलाही प्रवास सुट्टीत मोजायचा असेल तर मला वाटतं ट्रेन, आणि त्यातही हाच रूट, बर्लिनला उतरून बुडापेस्टहून परत, मल्टी-सिटी तिकीट काढलं की उलटं यावं लागत नाही. व्हिएन्ना ते बुडापेस्ट तर पावणेतीन तासांच्या आत, केलेटी स्टेशनला उतरलो आणि तासाभरात गरम पाण्यात होतो.

पुढच्या एप्रिलमध्ये अथेन्सचं चाललंय, आणि तिथे ट्रेनने जाण्याइतकी रजा मला मिळणार नाही, म्हणजे एक विमान आलंच. त्यामुळे सध्या हॉस्टेल शोधताना रेटिंग आणि ब्रेकफास्ट नंतर बघतोय, आधी ईमेल करून विचारतोय, रिसेप्शनला प्रिंटर आहे का.