आर्थर शिक यांची ‘कालिशची सनद’: चित्रसंच घेताना काय तपासावे

१२६४ साली पोलंडमधल्या ‘ग्रेटर पोलंड’ प्रांताचा ड्यूक (सत्ताधारी सरदार) बोलेस्वाफ याने ज्यूंना दिलेली कालिशची हक्कांची सनद पोलिश-ज्यू चित्रकार आर्थर शिक यांनी १९२६ ते १९२८ या काळात ४५ पानांवर रंगवली. जलरंग आणि गुआश (अपारदर्शक जलरंग), मध्ययुगीन हस्तलिखितासारख्या गच्च भरलेल्या चौकटी, आणि मजकूर नऊ भाषांत. मूळ पाने न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियमकडे आहेत. विकत मिळू शकते ती १९३२ ची, ५०० प्रतींची छापील आवृत्ती.

सनदेतली कलमे वाचून मगच चित्रे पाहावीत, नाहीतर नुसती वेलबुट्टी दिसते. रात्री शेजारी ज्यू मदतीसाठी ओरडला आणि ख्रिस्ती शेजारी धावला नाही, तर ३० शिलिंग दंड. सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, दगड मारला तर दोन पौंड वजनाची मिरी दंड. नुसत्या ख्रिस्ती साक्षीवर ज्यूला दोषी ठरवता येत नाही. हे हक्क पुढे काझिमिएश राजाने १३३४ मध्ये कायम केले.

शिक यांनी मात्र कायद्यापेक्षा त्याची फळे जास्त रंगवली. कारागीर आहेत, नाणी पाडणारे आहेत, १८०९ मध्ये कोत्स्कच्या लढाईत पडलेला पोलिश सैन्यातला ज्यू अधिकारी बेरेक योसेलेविचही आहे. हे पुस्तक म्हणजे दोन महायुद्धांमधल्या पोलंडपुढे मांडलेला युक्तिवाद आहे, आणि तो एकतर्फीही आहे: हे संरक्षण राजाच्या मर्जीवर आणि तिजोरीच्या हितावर टिकून होते, ते या झगमगाटात झाकले जाते. इतिहास म्हणून घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. रेखाटनाच्या बारकाव्याला मात्र तोड नाही.

घेताना पाने स्वतः मोजा, ४५ हवीत. संच फोडून सुटी पाने विकली जातात, त्यामुळे अपुरा संच ‘पूर्ण’ म्हणून गळ्यात पडू शकतो. दहापट भिंग लावा. छपाईच्या चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसली की ती बहुधा नंतरची नक्कल. किंमत त्याच हिशेबाने द्यावी. कडांवरचे तपकिरी डाग आणि पाठीमागे गोंद किंवा चिकटपट्टी यांचीही चौकशी करावी. चिकटपट्टी घरी ओढून काढू नये, कागदाचा थर निघतो.

फ्रेमला आम्लरहित पुठ्ठा, अतिनील किरण अडवणारी काच, आणि काच-कागदात अंतर. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवा, खिडकीसमोरची भिंत टाळा. एकच पान लावायचे असेल तर लढाईचे नको, भाषेच्या अक्षरांनी भरलेले घ्या. शिक यांची खरी करामत अक्षर आणि चौकट यांच्या सांध्यात आहे, आणि तीच छपाईतही बऱ्यापैकी उतरली आहे.